औषधवाल्याचे हिरवे आकडे

साडू हे नातं ज्याने काढलं, त्याने दोन भल्या पुरुषांना जन्मभरासाठी एका तराजूत बसवलं. बायका सख्ख्या बहिणी, त्या एकमेकींच्या गळ्यात पडून मोकळ्या होतात. आणि हे दोघे आपापल्या पारड्यात बसून कोण वर गेलं, कोण खाली आलं ते बघत राहतात. आपल्या औषधवाल्याचं पारडं सत्तावीस वर्षं हलकंच राहिलं होतं. असं त्याचं स्वतःचं मत. दुसरं कुणी तसं म्हणत नव्हतं, पण दुसऱ्याने म्हणायची वाट बघेल तो मत्सर कसला.

औषधवाला म्हणजे झुरळं, उंदीर, ढेकूण, वाळवी यांच्यावर औषध मारणारा. असतं ते विषच, पण त्या धंद्यात विषाला विष म्हणत नाहीत. गिऱ्हाईक दार उघडतं आणि आत तोंड करून सांगतं, "औषधवाले आलेत, डबे झाका." त्याला नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलंच नाही, बायको 'अहो' म्हणते आणि साडू 'साडू' म्हणतो. घरी आल्यावर आधी न्हाणीघर, मग बाकीचं घर, हा नियम बायकोने लग्नाच्या पहिल्या आठवड्यात घातला आणि त्याने तो आजतागायत मोडलेला नाही.

पाठीवर पंप घेऊन फवारे मारणारे पुष्कळ असतात. याचं खरं कसब टिपक्यांत. बारीक तोंडाच्या पिचकारीने तो फ्रिजच्या रबराखाली, सिंकच्या नळीमागे, कपाटाच्या बिजागरीत मुगाएवढे टिपके ठेवतो. झुरळ ते खातं, काही झालंच नाही अशा थाटात घरी जातं आणि तिथे मरतं. मग त्याला खाणारी मरतात, आणि त्यांना खाणारी. गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी फोन येतो की एकही मेलेलं दिसलं नाही, तुमचं औषध लागू पडलेलं नाही. वर एखादा शहाणा दुकानातून वासाचा फवारा आणून त्याच टिपक्यांवर मारतो. मग झुरळं टिपक्यांकडे फिरकत नाहीत आणि सगळं मुसळ केरात. अशा वेळी हा कमी बोलणारा माणूस बोलतो. "मेलेलं दिसलं नाही म्हणजे मेलं नाही, असं नसतं. पंधरा दिवस धीर धरा. मध्ये लुडबुड करू नका." हे त्याने इतक्या स्वयंपाकघरांत ऐकवलंय की बायको झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल.

साडूची तऱ्हा उलटी. तो मोटार शिकवायचा. तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून "दाबा, दाबा, अहो ब्रेक दाबा" असं ओरडून त्याचा आवाज कायमचा वरच्या पट्टीत गेलेला. तो हसला की कपाटातल्या कपबशा वाजायच्या. तो जिथे जाई तिथे माणसं जमायची. औषधवाला जिथे जाई तिथली माणसं डबे झाकून दोन तास बाहेर निघून जायची. अलीकडे साडू निवृत्त झाला होता आणि भिंतभर टीव्ही घेऊन गेम खेळत होता.

गेम असा की दोघा-तिघांनी मिळून गुहेत, जंगलात शिरायचं, श्वापदं मारायची, त्यांच्याकडून मिळेल ते अंगावर चढवायचं आणि त्याहून मोठी श्वापदं मारायला पुढे जायचं. प्रत्येकाने आपला गडी आपल्या मनासारखा घडवायचा. त्या घडणीला 'बिल्ड' म्हणतात. साडूच्या गड्याच्या दोन हातांत दोन कुऱ्हाडी होत्या. दुसरं काय असणार.

औषधवाल्याच्या संसारात हा गेम शिरला तो बायकोच्या पायातून. ती कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांची मापं घेते. एक दिवस स्टुलावरून पडली, घोटा मोडला, सहा आठवड्यांचं प्लास्टर. यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मोठ्या बहिणीचं घर तळमजल्यावर. म्हणून ती सहा आठवडे बहिणीकडे राहिली. बहीण दिवसभर रोपवाटिकेत कामाला. मेहुणीचा वेळ जावा म्हणून भाऊजींनी तिच्या हातात कंट्रोलर दिला. तिने ढालवाली निवडली.

औषधवाला रोज संध्याकाळी, घरी जाऊन अंघोळ करून, तिला भेटायला जायचा. पहिल्या आठवड्यात ती त्याची वाट बघत बसलेली असायची. तिसऱ्या आठवड्यात तिने पडद्यावरची नजर न काढता म्हटलं, "आलात? बसा हं, एवढा म्होरक्या मारते." सहाव्या आठवड्यात 'बसा'सुद्धा गेलं. समोर एक कुऱ्हाडवाला आणि एक ढालवाली पाठीला पाठ लावून लढायचे, आणि हा कोचाच्या टोकाला बसून आपणच आणलेली फळं आपणच धुऊन, कापून, आपणच खायचा.

संशय नव्हता त्याला, हे आधीच सांगून टाकतो. साडू अघळपघळ होता, वाईट नव्हता, आणि बायकोला तर तो ओळखूनच होता. संशय असता तर निदान भांडता आलं असतं. याचं दुखणं वेगळं होतं. बायको पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसू शकते, हे त्याला माहीतच नव्हतं. ते हसू तिच्यात होतं, सत्तावीस वर्षं याला ते काढता आलं नाही, आणि त्या ओरडणाऱ्या माणसाने सहा आठवड्यांत काढून दाखवलं. हिच्या लेखी आपण कोण, हा प्रश्न त्याला पन्नाशी उलटल्यावर पडला. पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही.

प्लास्टर निघालं. बायको घरी आली ती साडूचं जुनं गेमचं मशीन पिशवीत घालून, आणि आल्या आल्या सांगितलं की रविवारी दुपारी ताईकडे जायचं, भाऊजींनी नवी गुहा उघडलीय.

"मी पण खेळणार," औषधवाला म्हणाला.

"तुम्ही?" तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "बटणं किती असतात माहितीय का?"

"मोजीन."

त्याने तिरंदाज घेतला. कुऱ्हाडवाल्याच्या शेजारी उभं राहायचं नव्हतं, एवढंच कारण. पुढे गेमने विचारलं, बाण कसला हवा: आगीचा, बर्फाचा, जड की विषाचा. विषाच्या खाली बारीक अक्षरांत काहीतरी होतं. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचण्यात ज्याची हयात गेली, त्याने तेही वाचलं. विष लागलेलं श्वापद मेलं तर ते विष शेजारच्यांना लागतं, असं लिहिलेलं होतं.

"अगं," तो म्हणाला, "हे तर माझे टिपके."

मग तो हात धुऊन मागे लागला. पहाटे पाचला उठून, कामावर जायच्या आधी, जुन्या मशीनवर सराव. गिऱ्हाइकांच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपणं. विषाच्या बाणाचा पहिला मार अगदीच किरकोळ, तेव्हा धनुष्य जोरकस नको, चपळ हवं. जितके बाण लागतील तितके विषाचे थर चढतात. गडी घडवायला मिळतात त्या पॉइंटांतला एकही ताकदीला द्यायचा नाही, सगळे विष टिकण्याला द्यायचे. मारून उभं राहायचं नाही, पळायचं. मरायचं काम श्वापदाचं, आपण फक्त तोवर जिवंत राहायचं. सर्पकातडीचे हातमोजे मिळवायला त्याला तेवीस पहाटा लागल्या. ते घातले की विष दुप्पट वेळ टिकायचं.

रविवारी कोचावर तिघं बसायचे. मध्ये बायको. साडूची कुऱ्हाड बसली की पडद्यावर, किती मार बसला त्याचा, लालभडक, हाताएवढा आकडा उडायचा: अठराशे, दोन हजार. औषधवाल्याचे आकडे हिरवे आणि मुंगीएवढे. बारा. बारा. बारा.

"साडू, हे काय उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय," साडू ओरडायचा. "लांबून टोचायचं आणि पळून जायचं. जरा जवळ या की."

"भाऊजी, काय हाणलंत," बायको म्हणायची.

लढाई संपली की शेवटचा घाव कुणाचा, ते नाव सोनेरी अक्षरांत यायचं. दर वेळी साडूचं. श्वापद हिरव्या आकड्यांनी अर्धंमुर्धं खंगलेलं असायचं, त्यावर साडू येऊन एक कुऱ्हाड घालायचा. आयत्या बिळावर नागोबा. औषधवाल्याला हे कळत होतं, पण बोलणार कसं? मी आधीच मारलं होतं हो, असं म्हणणारा माणूस किती बापुडा दिसतो, ते त्याला ठाऊक होतं.

आणि मग ती गोष्ट झाली. गुहेच्या तळाशी एक रानडुक्कर होतं, घराएवढं. त्याच्या एका धडकेत कुऱ्हाडवाला आणि तिरंदाज दोघंही आडवे झाले. पडलेल्याला उठवायला संजीवनीची बाटली लागते आणि शेजारी चार सेकंद गुडघ्यावर बसावं लागतं. ढालवालीकडे एकच बाटली होती. तिरंदाज तिच्यापासून चार पावलांवर पडला होता, कुऱ्हाडवाला पार पलीकडे भिंतीशी. ढालवाली तिरंदाजाच्या अंगावरून उडी मारून गेली आणि भाऊजींपाशी गुडघ्यावर बसली. साडू उठला, त्याने एक घाव घातला, डुक्कर कोसळलं. सोनेरी अक्षरं आली. साडूने मेहुणीला टाळी दिली. औषधवाल्याचा गडी कोपऱ्यात चिखलात तोंड घालून तसाच पडून होता.

घरी येताना जिन्यात तो म्हणाला, "मी जवळ होतो."

"कुठे?"

"तिथे. चार पावलांवर."

"हो, दिसत होतात की," ती म्हणाली आणि घोटा सांभाळत पुढची पायरी चढली.

म्हणजे दिसलं नाही, असं नव्हतं. दिसलं, आणि तरी गेली. पुढचे दोन दिवस त्याने मौन धरलं. मुळात कमी बोलणारा, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि त्याचा आणखी वेगळा राग आला.

तिसऱ्या पहाटे त्याने ठरवलं. हिला लाल आकडे आवडतात ना, मग लालच दाखवू. त्या गेमच्या गावात एक वैदीण बसते. आपल्याकडची मोलाची वस्तू दिली की ती असा काढा देते, की गडी शिकलेलं सगळं विसरतो आणि पॉइंट परत मिळतात. औषधवाल्याने तेवीस पहाटांचे हातमोजे तिला दिले, काढा घेतला आणि सगळे पॉइंट जड बाणात ओतले. एक बाण, एक आकडा. पहिल्याच बाणाला एकवीसशे आला, तेव्हा तो रिकाम्या खोलीत एकटाच हसला. मग पंप पाठीला लावून कामावर गेला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका शिक्षिकाबाईंना, त्यांनी टिपक्यांवर फवारा मारला म्हणून, पंधरा मिनिटं झापून आला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्या रविवारी दलदलीतल्या म्हातारीशी गाठ होती. तिला मारायला सगळे घाबरतात. औषधवाल्याचा पहिला बाण सुटला, पडद्यावर लाल एकवीसशे उडाले.

"अरे वा, साडू," साडू म्हणाला. "पुरुषात आलात."

औषधवाला डोळ्यांच्या कोपऱ्यातून बायकोकडे बघत होता. तिच्या भुवया मात्र जवळ आल्या होत्या.

जड बाण सोडायला एका जागी उभं राहावं लागतं. तो उभा राहिला. म्हातारीने तोंडातून चिखलाचा लोट सोडला आणि तो आडवा झाला. पाठोपाठ साडूही. ढालवाली, पुन्हा तसंच, तिरंदाजाला ओलांडून कुऱ्हाडवाल्याकडे धावली, पण या वेळी बसली नाही. म्हातारीकडे तोंड करून, ढाल पुढे धरून उभी राहिली. घाव झेलत राहिली. पडद्यावर कुठलाच आकडा उडत नव्हता. म्हातारीचं रक्त तसूभरही उतरत नव्हतं. ढाल फुटली, ढालवाली पडली, खेळ संपला.

बायकोने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, तुमचं हिरवं कुठे गेलं?"

"काढून टाकलं."

"काढून टाकलं म्हणजे?"

"म्हणजे काढलं. जड बाण घेतले. तुला मोठे आकडे आवडतात."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "मी तिथे कशाच्या भरवशावर उभी होते? भाऊजी पडले की त्यांची कुऱ्हाडही पडते. तुम्ही पडलात तरी तुमचं चालू असतं. बारा, बारा, बारा. मी ते मोजत उभी राहते. किती वेळ ढाल धरायची, कधी कुणाला उठवायचं, ते मला त्याच्यावरून कळतं. डुकराच्या वेळेला भाऊजींकडे का गेले मी? तुम्हाला उठवून काय करायचं होतं? तुमचं काम होत आलेलं होतं."

साडूने घसा खाकरला. "तसं नाही, डुकराला शेवटचा घाव माझा होता."

"भाऊजी, ते डुक्कर आणखी दोन सेकंदांत आपणहून मेलं असतं. तुम्ही मध्ये आलात."

औषधवाला तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "हे मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगता का गिऱ्हाइकाला रोज फोन करून, की औषध चालू आहे म्हणून?"

बहीण आतून बाहेर आली आणि म्हणाली की तुमचं मरून झालं असेल तर चहा घ्या.

हातमोजे परत मिळवायला या वेळी एकतीस पहाटा लागल्या. वैदीण दुसऱ्यांदा काढा देताना भाव वाढवते, त्यामुळे कमरपट्टा आणि बूटही तिच्या घशात गेले. तो मुकाट्याने करत राहिला. पण मत्सर गेला म्हणाल, तर नाही. बायको आपल्या आकड्यांवर भिस्त ठेवते हे कळून छाती फुगली होती खरी, पण पहाटे एकटा बसला की त्याच्या मनात यायचं: म्हणजे मी पडलेलाच बरा. ज्याच्यावाचून काम अडत नाही त्याला उठवायचं कशाला. साडूला मात्र उठवावं लागतं, त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसावं लागतं. भरवसा याच्यावर आणि चार सेकंद त्याला. हिशोब बरोबर होता आणि तरी घशाखाली उतरत नव्हता.

दोन महिन्यांनी रविवारी पुन्हा दलदलीत उतरले. ढालवालीकडे दोन बाटल्या. औषधवाल्याने बाणांवर बाण टोचले, पळाला, पुन्हा टोचले. म्हातारीच्या अंगातून हिरवे आकडे मुंग्यांच्या रांगेसारखे निघायला लागले. मग चिखलाचा लोट आला, तिरंदाज पडला, कुऱ्हाडवाला पडला. ढालवाली नवऱ्याला ओलांडून साडूकडे गेली, त्याला उठवलं आणि ढाल धरून उभी राहिली. औषधवाल्याने कंट्रोलर खाली ठेवला. शेजारी बायको ओठांतल्या ओठांत मोजत होती, ते त्याला आता ऐकू येत होतं. "बारा... बारा... भाऊजी, मागे या. मागे या म्हणते ना. लुडबुड करू नका."

साडू मागे आला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला ब्रेक दाबायला लावला. तिघंही काही न करता बसून राहिले आणि दलदलीतली म्हातारी जागच्या जागी डुलली, गुडघ्यावर आली आणि गेली. सोनेरी अक्षरांत तिरंदाजाचं नाव आलं. ते वाचायला बायको थांबलीच नाही.

पडद्यावर बक्षिसं सांडली होती, ती उचलायला मोजका वेळ मिळतो. साडू गोळा करत सुटला. ढालवाली मात्र उलटी फिरली, कोपऱ्यातल्या चिखलाकडे गेली, आणि लढाई संपलेली असताना, काही म्हणजे काही गरज नसताना, पडलेल्या तिरंदाजाशेजारी गुडघ्यावर बसली. उरलेली बाटली तिने फोडली. एक, दोन, तीन, चार.

"अगं, आता कशाला?" साडू ओरडला. "दलदलीबाहेर गेलो की ते आपोआप उठतात. बाटली फुकट घालवलीस. मला लागली असती ना पुढे."

औषधवाल्याने मान वळवून साडूकडे बघितलं. त्या आवाजात काहीतरी होतं. गेले कित्येक महिने तो आवाज त्याच्या स्वतःच्या घशात अडकलेला होता, म्हणून त्याने तो लगेच ओळखला. आज पहिल्यांदा त्याला साडूची थोडी दया आली.

"भाऊ," तो म्हणाला, "पुढच्या वेळी माझ्या वाटणीची बाटली तुम्ही घ्या."

"कशाला?" बायको म्हणाली. तिची नजर पडद्यावरच होती. "भाऊजींची त्यांना मिळते."